पेंटरबाईचं बोटभर मलम

पेंटरबाई नव्या माणसाला भेटली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळते. समोरच्याला वाटतं, आपली पारख चाललीय. तसं काही नसतं. ह्याला रंगवायचा झाला तर किती लिटर लागेल, एवढाच अंदाज ती बांधत असते. चौतीस वर्षांची सवय आहे, सुटत नाही.

वडील रंगारी होते. त्यांची शिडी धरता धरता ती शिडीवर कधी चढली, हे त्यांनाही कळलं नाही. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?" वडील म्हणाले, "छत येतं." छत येणं म्हणजे काय, हे दिवसभर मान मोडून डोक्यावर रोलर फिरवलेल्यालाच कळतं. नंतर नवरा गेला, मुलगा लहान होता, आणि ते छतच उपयोगी पडलं. सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या मागे बघायचे, पेंटर कुठे राहिला म्हणून. ती म्हणायची, "मागे जिना आहे. पेंटर पुढे उभा आहे." आज गल्लीतलं एकही घर असं नाही, की जिथली एखादी भिंत तिच्या हाताखालून गेली नाही. एवढंच, की तिच्या कामात खोट काढायची कुणाची छाती होत नाही. काढलीच, तर ती भिंतीकडे न बघता म्हणते, "बघू. वाळल्यावर सांगते." आणि वाळल्यावर खोट तिचीच निघाली तरी 'चुकलं' हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही. ती मुकाट्याने पुन्हा रंगवते.

तिचा एक नियम दगडावर कोरलेला आहे: भिंतीला ठिगळ लावायचं नाही. डाग वाटाण्याएवढा असला तरी तेवढ्यावरच ब्रश फिरवलात की तो तुकडा जन्मभर डोळा मारत राहतो. म्हणून रंग मारायचा तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अख्खी भिंत. नियम सोन्यासारखा आहे. फक्त तो भिंतीचा आहे, हे तिला जरा उशिरा कळलं.

झालं असं. मुलगा जहाजावर, म्हणजे वर्षातले आठ महिने पाण्यात. सुनेला नोकरीतल्या बढतीसाठी चार महिन्यांचा कोर्स करायला दुसऱ्या शहरात जायचं होतं. मागे राहिली नात. वय नऊ. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. भिंगरीची कातडी तान्ही असल्यापासून कोरडी. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर लाल चट्टे उठायचे आणि खाज अशी, की वर्गात फळ्याकडे लक्ष कमी आणि नखांकडे जास्त.

निघताना सुनेने एक पिशवी हातात दिली. तिच्यात कातडी मऊ ठेवायच्या साध्या क्रीमचा मोठा डबा, मलमाची एक ट्यूब आणि सुंदर अक्षरात लिहिलेला कागद.

"आई, यात सगळं लिहिलंय. ट्यूब स्टिरॉइडची आहे. लाल दिसेल तिथेच, पातळ, दिवसातून एकदा."

"मला वाचता येतं, सूनबाई. डब्यांवरचं इतकं बारीक वाचते, हे तर मोठ्या अक्षरात आहे."

"राग मानू नका. पण तिची कातडी बिघडली, तर मी तिला माझ्या आईकडे ठेवीन. तिथे खालच्याच मजल्यावर दवाखाना आहे."

झालं. पेंटरबाईच्या वर्मी बसलं. तोंडाने ती "बरं" म्हणाली. पण सून जिना उतरेपर्यंत कठडा धरून उभी राहिली आणि मग नातीला म्हणाली, "चार-चार मजले लोकांनी डोळे मिटून माझ्या हवाली केले. आणि एक साडेचार फुटांची पोरगी रंगवायला मला परीक्षा द्यावी लागणार?" भिंगरी सोडून दुसरी नात होणार नव्हती आणि ती गेली की घरात नुसते ब्रश उरणार होते, हे काही ती बोलली नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळं झोकात झालं. कोमट पाण्याने अंघोळ. अंग टिपून लगेच साधी क्रीम. मग अर्धा तास थांबा, असं कागदावर होतं. सुनेला वाटलं होतं, सासूबाई इथे घाई करणार. पण हे तर पेंटरबाईचं माहेर. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, हे ती पेंटर पोरांच्या डोक्यात चौतीस वर्षं ठोकत आलीय. अर्धा तास तिने घड्याळ लावून मोजला.

"आजी, मी कुठे टेकू पण नको का?"

"टेकलीस तर गळ्यात पाटी अडकवीन, 'रंग ओला आहे' म्हणून."

मग ट्यूब उघडली, आणि तिथे हाताने डोक्याला विचारलंच नाही. चट्टा कोपरात, मलम खांद्यापासून मनगटापर्यंत. चट्टा गुडघ्यामागे, मलम मांडीपासून घोट्यापर्यंत. पातळ म्हटलं होतं तर पातळच. पण एकसारखं, कुठे रेघ नाही, कुठे जोड नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"आई एवढं नाही लावत," भिंगरी म्हणाली.

"तुझी आई ऑफिसात काम करते. तिला ठिगळ दिसत नाही. मला दिसतं."

तीन दिवसांत लाली उतरली, खाज कमी झाली. फोनवरून फोटो गेला, सुनेकडून हसरा चेहरा आला. पेंटरबाई गल्लीतून चालायची ती नव्या पुट्टीसारखी गुळगुळीत होऊन. आणि सहाव्या दिवशी ट्यूब संपली. पत्र्याच्या पात्याने तळापासून गुंडाळत आणून शेवटचा थेंब काढला, तरी संपली. सून तर म्हणाली होती, महिनाभर सहज पुरते. पेंटरबाईने कंपनीला दोन शिव्या दिल्या, कमी भरतात म्हणून, आणि रिकामी ट्यूब घेऊन औषधांच्या दुकानात गेली.

दुकानदाराने ट्यूब उलटीपालटी केली. "ही आत्ता नाही. ही घेऊन जा. सेमच आहे, फक्त जोरदार. दोन दिवसांत साफ. लोक तर चेहऱ्यालाही हीच नेतात."

चिठ्ठी त्याने मागितली नाही, हिने दिली नाही. ट्यूब पिशवीत पडली.

पण 'सेमच आहे' हे दोन शब्द पेंटरबाईच्या कानात खड्यासारखे रुतून बसले. वीस वर्षांपूर्वी अशाच एका दुकानदाराने सेमच आहे म्हणून पांढऱ्या रंगाचा डबा दिला होता. तिने न बघता उघडला. दुसऱ्या दिवशी उजेडात बघते तर एका वकिलाच्या दिवाणखान्याचं अर्धं छत दुधासारखं आणि अर्धं सायीसारखं. वकील चांगला होता म्हणून निभावलं. तेव्हापासून नव्या डब्यावरचा नंबर जुन्या डब्याशी पडताळल्याशिवाय ती झाकणाला पातं लावत नाही.

घरी आल्यावर तिने दोन्ही ट्यूबा खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि शेड कार्ड बघायचं भिंग काढलं. नाव एक नव्हतं. जुन्या ट्यूबमध्ये एकच औषध, नवीत तीन. खाली बारीक अक्षरात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. मग तिने सुनेचा कागद काढला आणि तिसऱ्यांदा वाचला. तेव्हा ते तीन शब्द दिसले, जे पहिल्या दोन्ही वेळा डोळ्यांपुढून गेले होते: लाल दिसेल तिथेच.

पेंटरबाई खुर्चीत बसली. दिवसा ती खुर्चीत बसलेली भिंगरीने कधी पाहिली नव्हती.

"आजी, दमलीस?"

"नाही गं. चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

चामडीच्या डॉक्टरीणबाई सुनेपेक्षाही वयाने लहान. टेबलावर दोन्ही ट्यूबा आणि तो कागद असे मांडले गेले, जसा एखादा पकडलेला चोर आपण होऊन माल मांडतो.

"किती भागावर लावलंत?"

"दोन हात, दोन पाय."

"म्हणजे हातापायांवर कुठे कुठे?"

"सांगितलं ना. दोन हात, दोन पाय. अख्खे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. भिंगरीला उजेडात नेलं, दोन्ही हात, दोन्ही पाय नीट तपासले, आणि मग म्हणाल्या, "नशीब, सहाच दिवस झालेत आणि औषध सौम्य आहे. काही बिघडलेलं नाही. हे औषध आतली जळजळ शांत करतं. जिथे जळजळ आहे तिथे ते सोनं. चांगल्या कातडीवर त्याला कामच नाही. आणि महिनोन् महिने लावत राहिलं, त्यातून ते जोरदार असलं, तर कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात."

"म्हणजे चांगल्या भिंतीला रोज पॉलिश पेपर घासल्यासारखं."

"अगदी तसंच. पण आता घाबरून बंद करू नका हं. ती दुसरी चूक. जळजळ तशीच राहिली तर पोर खाजवून खाजवून रक्त काढेल." मग त्यांनी तीन औषधांची ट्यूब बाजूला सरकवली. "ही मात्र हिच्या अंगाला लागता कामा नये. तुम्ही वापरली नाहीत ना?"

"नंबर जुळला नाही. उघडलीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. जुन्यासारखीच नवी ट्यूब लिहून दिली, दुकानातून आणवली, पेंटरबाईचं पहिलं बोट धरलं आणि टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची एक रेघ काढली. "एवढं म्हणजे एक माप. यात मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, एवढी जागा होते. जास्तही नाही, कमीही नाही."

पेंटरबाईचा चेहरा उजळला. "हे आधी का नाही सांगितलं? हे तर कव्हरेज. डब्यावर लिहिलेलं असतं, एका लिटरात किती भिंत." आणि तिने तिथल्या तिथे आपला तळहात नातीच्या एकेका चट्ट्यावर धरून मोजलं. सगळे मिळून चार तळहात. म्हणजे दोन मापं. आणि ती रोज दहा-बारा मापं अंगभर ओतत होती.

बाकीच्या सूचनाही तिने ऐकल्या. हळूच पसरायचं, लव ज्या दिशेने आहे त्या दिशेने, घासायचं नाही. लावून झालं की स्वतःचे हात धुवायचे. हे मलम चेहऱ्याला लावायचं नाही, चेहऱ्याचं विचारून वेगळं. पिवळी खपली, पू किंवा ताप आला, तर घरी डोकं चालवायचं नाही, इथे यायचं. आणि चट्टा दिसेनासा झाला की थांबायचं नाही. हाताला मऊ, शांत लागला की वर दोन दिवस, मग बंद. साधी क्रीम मात्र रोज, चट्टे असोत नसोत.

"मुलीच्या आईला मी कळवू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

न कळवताही भागलं असतं. नवी ट्यूब हातात होती, पोरगी ठणठणीत होती, फोटो छान जात होते. पेंटरबाईने चष्मा पुसला, परत पुसला.

"नको. रंग मी मारला, मीच सांगते."

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिने फोन लावला. भिंगरी दोन पायऱ्या खाली, कान वर.

"सूनबाई, माझं चुकलं."

पलीकडे काहीच आवाज नाही.

"ऐकू येतंय का?"

"आवाज येतोय, आई. पण तुम्ही काय म्हणालात?"

"चुकलं म्हणाले. आता तिसऱ्यांदा म्हणणार नाही." आणि तिने सगळं सांगितलं. खांद्यापासून मनगटापर्यंत, रिकामी ट्यूब, दुकानदार, भिंग, काहीही गाळलं नाही. सून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "पंधरा दिवसांनी मला दोन दिवस सुट्टी आहे. मी येऊन बघते. मग ठरवते."

'मग ठरवते' हे शब्द पेंटरबाईने पिशवीत घालून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी तिने प्लायवूडचा एक तुकडा घेतला. त्यावर स्वतःचे दोन तळहात ठेवून भिंगरीकडून पेन्सिलीने कडेने रेघ काढून घेतली आणि ते फिक्या निळ्या रंगाने भरले. वर एक बोट काढलं, बोटावर पांढरी रेघ. अक्षर एकही नाही. फळी न्हाणीघराच्या दाराशी टांगली. रोज संध्याकाळी साधी क्रीम, अर्ध्या तासाचं घड्याळ, मग आजीचा तळहात चट्ट्यांवरून फिरायचा, भिंगरी मोठ्याने मोजायची आणि माप ठरायचं. चार तळहातांचे तीन झाले. तिनाचे दोन. ठिगळ लावायचा हात पेंटरबाईला चौतीस वर्षांत पहिल्यांदा शिकावा लागला. पहिले दोन दिवस बोट आपोआप चट्ट्याबाहेर पळायचं आणि भिंगरी ओरडायची, "आजी, भिंत सोडून चाललीस."

आता समोरच्या खिडकीतल्या रेडिओबद्दल सांगितलं पाहिजे. रेडिओ म्हणजे समोर राहणारी बाई. ती दिवसभर चालू असते आणि तिला बटण नाही. तिने फळी पाहिली, विचारलं, आणि स्टिरॉइड शब्द ऐकल्याबरोबर खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"अगं, विष असतं ते विष. पोरीला काय लावतेस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या भावजयीच्या मामेबहिणीच्या शेजारणीने."

"मग खरंच असणार. इतक्या लांबून आलंय."

दहाव्या दिवशी चट्टे दिसेनासे झाले. रेडिओ लगेच, "बघ, झालं ना छान? आता तरी थांबव." पेंटरबाईने नातीच्या कोपरात बोट फिरवलं. डोळ्याला स्वच्छ, बोटाला खरखरीत, किंचित गरम. ओल धरलेली भिंत अशीच फसवते. दिसायला सुकलेली, हात लावावा तर आत गारवा. घाईने रंगवली की महिन्याने पोपडे. तिने रेडिओला एवढंच म्हटलं, "आत अजून ओल आहे," आणि बोटावर मलमाचं एक माप काढलं. दोन दिवसांनी कोपर मऊ लागलं. त्यावर आणखी दोन दिवस मोजून लावलं आणि चौदाव्या दिवशी ट्यूब वरच्या फडताळात गेली. रंग संपला म्हणून नाही, काम संपलं म्हणून.

मधल्या काळात पेंटरबाईची नजर एका भलत्याच भिंतीवर गेली होती. रेडिओचे गाल लाल, चकचकीत, बारीक पुटकुळ्या, आणि उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा. रेडिओ म्हणायची, ऊन बाधलं.

"तोंडाला काय लावतेस गं?"

"काही नाही बाई. ती उजळायची क्रीम. तीन वर्षं झाली. एक दिवस चुकली तर तोंडाची आग आग होते."

"आण बघू."

ट्यूब आली. पेंटरबाईने भिंग लावलं आणि हसू आवरायला तोंड वळवलं. दुकानदाराने तिला दिलेल्या, न उघडलेल्या त्या तीन औषधांच्या ट्यूबवर होतं तेच नाव, अक्षर न् अक्षर.

"काय झालं?" रेडिओने विचारलं.

"भावजयीच्या मामेबहिणीच्या शेजारणीला कळव. विष तू तोंडाला लावतेस."

रेडिओ बंद पडला. पूर्ण पाच मिनिटं. गल्लीत लोक घड्याळं तपासायला लागले. मग ती हळूच म्हणाली, "फेकून देते आजच." तेव्हा मात्र पेंटरबाईने चेष्टा थांबवली. "तीन वर्षांचं एकदम नाही थांबवायचं. ती चेहरा पेटवून सोडेल. उद्या मी येते तुझ्याबरोबर, डॉक्टरीणबाई सांगतील कसं सोडायचं." आणि दुसऱ्या दिवशी, एका जिन्याचं काम अर्ध्यावर टाकून, ती खरोखर गेली. काम अर्ध्यावर टाकल्याची तिच्या नावावर दुसरी नोंद नाही. डॉक्टरीणबाईंना फळीचा किस्सा कळला तेव्हा त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीसाठी तशीच एक मागितली. आज दवाखान्यात गेलात तर बाकांच्या समोर दिसेल: दोन निळे तळहात, एक बोट. एवढ्या इमारती रंगवल्या, कशावर सही नाही. ह्या फळीच्या मागे मात्र आहे. भिंगरीने पाहिली, म्हणून गल्लीला कळलं.

पंधराव्या दिवशी सून आली. बॅग दारातच राहिली, बूट पायातच. तिने भिंगरीला खिडकीशी नेलं, बाही वर केली आणि डोळे मिटून कोपरात बोट फिरवलं. मग दुसरं कोपर. मनगटं. गुडघ्यांच्या मागे. पेंटरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात सुका ब्रश, त्याचे केस एकेक करून सरळ करत. घरमालक उजेडात भिंत बघतो तेव्हा ती कधी खोलीत थांबत नाही. आज थांबली होती.

सुनेने फडताळातून ट्यूब काढली, दाबून पाहिली. अर्धीही संपली नव्हती. मग तिला फळी दिसली.

"हे काय?"

भिंगरीने तोंडाचा पट्टा सोडला. बोट, घडी, माप, तळहात, ओल, पोपडे. आणि शेवटी, "आई, तू ना, दिसेनासं झालं की लगेच थांबायचीस. म्हणून दर महिन्याला परत यायचं. आत ओल राहायची."

सुनेने आपला तळहात फळीवरच्या निळ्या तळहातावर ठेवला. तिचा जरा लहान होता. त्या निळ्या पंजाच्या कडा तिच्या बोटांबाहेर दिसत राहिल्या.

"आई," ती फळीकडे बघतच म्हणाली, "माझा कोर्स दीड महिन्याने वाढलाय. माझ्या आईला मी अजून विचारलेलं नाही. हिला इथेच राहू द्याल का?"

पेंटरबाईने ब्रश कानावर खोचला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. सुनेला पायातल्या बुटांपासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं.

"बघू," ती म्हणाली. "वाळल्यावर सांगते."

आणि चहा टाकायला आत गेली. तीन कप काढल्याचा आवाज आला, तसा भिंगरीने आईच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.